अमेरिकेतल्या छोट्या गावाची वंशनिहाय आकडेवारी कशी वाचावी: लेक्सिंग्टन, नेब्रास्का

प्रश्न थोडक्यात असा आहे: नेब्रास्का राज्यातल्या लेक्सिंग्टन गावी नोकरीनिमित्त कुटुंबासह जायचा विचार आहे. इंटरनेटवर गावाची माहिती पाहिली तर एका तक्त्यात गोऱ्यांचा आकडा सगळ्यात मोठा, दुसऱ्यात हिस्पॅनिकांचा. सगळ्या टक्क्यांची बेरीज केली तर दीडशेच्या पुढे जाते. आणि भारतीय किती, याचा तर पत्ताच लागत नाही. यातले खरे काय धरायचे?

दोन्ही तक्ते खरे आहेत. अमेरिकेची जनगणना माणसाला दोन स्वतंत्र प्रश्न विचारते. पहिला: तुम्ही हिस्पॅनिक किंवा लॅटिनो मूळचे, म्हणजे मेक्सिकोसारख्या स्पॅनिशभाषक देशांतल्या घराण्याचे, आहात का? दुसरा: तुमचा वंश कोणता? मेक्सिकोहून आलेला माणूस पहिल्याला ‘हो’ म्हणतो आणि दुसऱ्यात स्वतःला गोरा, मूळ रहिवासी, ‘इतर’ किंवा यांतले दोन-तीन एकत्र म्हणवू शकतो. म्हणजे हिस्पॅनिक हा वंशांच्या रांगेतला आणखी एक वंश नाही, तो त्या सगळ्या रांगेला आडवा छेद देणारा वेगळा प्रश्न आहे. ‘गोरे’ आणि ‘हिस्पॅनिक’ हे आकडे शेजारी ठेवून बेरीज केली की तीच माणसे दोनदा मोजली जातात.

आधी गावाची पार्श्वभूमी, कारण ती नसेल तर आकडे नुसते आकडेच राहतात. लेक्सिंग्टन हे प्लॅट नदीच्या खोऱ्यातले, इंटरस्टेट 80 महामार्गालगतचे डॉसन काउंटीचे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मुख्य ठिकाण. 1980 च्या दशकाच्या मध्यात इथला शेतीयंत्रांचा कारखाना बंद पडला आणि गाव ओसरू लागले. 1990 च्या जनगणनेत लोकसंख्या 6,601 होती आणि हिस्पॅनिक फार थोडे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात आयबीपी कंपनीने जुन्या कारखान्याच्या जागी गोमांस प्रक्रियेचा मोठा कारखाना सुरू केला. 2000 मध्ये लोकसंख्या 10,011 झाली आणि त्यातले निम्म्याहून किंचित जास्त, सुमारे 51 टक्के, हिस्पॅनिक होते. 2010 मध्ये 10,230 पैकी सुमारे 60 टक्के. 2020 मध्ये लोकसंख्या 10,348. कारखाना 2001 मध्ये आयबीपीसकट टायसन या मांस कंपनीकडे गेला. पुढे सोमाली निर्वासित कुटुंबेही मोठ्या संख्येने आली. एका कारखान्याने दहा वर्षांत गावाचा चेहरा बदलला, आणि म्हणूनच कुठल्या वर्षाचा आकडा हातात आहे हे इथे फार महत्त्वाचे ठरते.

आता तक्ता कसा निवडायचा. सेन्सस ब्युरोच्या डेटा डॉट सेन्सस डॉट गव्ह या संकेतस्थळावर ‘लेक्सिंग्टन सिटी, नेब्रास्का’ असे पूर्ण नाव टाका. नुसते लेक्सिंग्टन टाकले तर केंटकीतले तीन लाखांवर वस्तीचे शहर किंवा मॅसॅच्युसेट्समधले बोस्टनजवळचे उपनगर पुढे येते, आणि त्या गावांची रचना अगदीच वेगळी आहे. 2020 च्या जनगणनेचा पी2 हा तक्ता उघडा. पी1 मध्ये फक्त वंश आहेत. पी2 मध्ये आधी सगळे हिस्पॅनिक एका ओळीत वेगळे काढलेले असतात आणि उरलेल्यांचे वंश पुढे दिलेले असतात. या तक्त्यात एक माणूस एकाच ओळीत येतो, त्यामुळे बेरीज नेमकी 100 होते. गावाची रचना एका नजरेत हवी असेल तर मी पी2 सोडून दुसरा तक्ता सुचवणार नाही.

फरक किती पडतो ते पाहण्यासाठी एक काल्पनिक गाव घेऊ. वस्ती 10,000. हिस्पॅनिक 6,000, त्यांपैकी वंशाच्या प्रश्नात 1,500 जणांनी फक्त ‘गोरा’, 2,700 जणांनी ‘इतर वंश’, 1,700 जणांनी दोन किंवा अधिक वंश आणि 100 जणांनी मूळ रहिवासी असे लिहिले. उरलेल्या 4,000 मध्ये गोरे 3,000, कृष्णवर्णीय 700, आशियाई 130, मिश्र 140, मूळ रहिवासी 20 आणि इतर 10. पी1 मध्ये या गावात गोरे 45 टक्के दिसतील, म्हणजे सगळ्यात मोठा गट. पी2 मध्ये हिस्पॅनिक 60 टक्के आणि बिगर-हिस्पॅनिक गोरे 30 टक्के. गाव तेच, माणसे तीच. कुणी पी1 मधला 45 उचलून त्याच्या शेजारी पी2 मधला 60 लिहिला, की तुम्हाला पडलेले कोडे तयार होते.

बेरीज 100 च्या वर जाण्याचे दुसरेही एक कारण आहे. 2000 सालापासून माणसाला एकाहून जास्त वंश नोंदवता येतात. मूळ यादी पाच वंशांची: गोरे, कृष्णवर्णीय, अमेरिकेतले मूळ रहिवासी, आशियाई, हवाई व पॅसिफिक बेटांवरचे मूळ रहिवासी. जनगणनेत त्यात ‘इतर वंश’ हा सहावा असतो. सहांची एकेकटी आणि एकत्र अशी 63 संयोगे होतात. तक्त्यात ‘फक्त आशियाई’ आणि ‘आशियाई, एकटा किंवा इतरांसह’ असे दोन वेगळे आकडे दिसतात ते यामुळे. आई मराठी आणि वडील गोरे असलेले मूल पहिल्यात येत नाही, दुसऱ्यात येते. दुसऱ्या प्रकारच्या तक्त्यात असे मूल दोन्ही वंशांखाली मोजले जाते, म्हणून त्याची बेरीज 100 च्या पुढे जाणारच. तिथे चूक शोधत बसू नका.

सगळ्यात जास्त घसरगुंडी होते ती 2010 आणि 2020 ची तुलना करताना. देशभर ‘दोन किंवा अधिक वंश’ हा गट 90 लाखांवरून 3 कोटी 38 लाखांवर गेला आणि ‘फक्त गोरे’ 72.4 टक्क्यांवरून 61.6 टक्क्यांवर आले. दहा वर्षांत इतकी मिश्र मुले जन्मली असे कुणी समजू नये. बदलाचा मोठा भाग फॉर्ममधून आणि उत्तरांच्या नोंदणीतून आला. 2020 च्या फॉर्ममध्ये ‘गोरा’ आणि ‘कृष्णवर्णीय’ या चौकटींखाली आपले मूळ लिहायला जागा दिली होती. पूर्वी लिहिलेल्या उत्तरातली पहिली 30 अक्षरे टिपली जात आणि जास्तीत जास्त दोन गट नोंदले जात. 2020 मध्ये 200 अक्षरे आणि सहा गट. ‘गोरा’वर खूण करून खाली ‘मेक्सिकन’ लिहिणारा माणूस आता ‘गोरा’ अधिक ‘इतर वंश’, म्हणजेच मिश्र वंशाचा ठरला. लेक्सिंग्टनसारख्या गावात याचा परिणाम देशाच्या सरासरीहून कितीतरी मोठा असतो, कारण गावातले बहुसंख्य लोकच या नियमाखाली येतात. अशा गावातले ‘फक्त गोरे’ निम्म्यावर आले असे दिसले तर गोरे गाव सोडून गेले असा निष्कर्ष काढण्याआधी ‘बिगर-हिस्पॅनिक गोरे’ ही ओळ दोन्ही वर्षांत तपासा. ती बरीच स्थिर असेल तर बदल बहुतांशी नोंदणीचा आहे.

मूळ रहिवाशांच्या ओळीतही असाच एक बारकावा आहे. नेब्रास्का म्हटले की लकोटा, ओमाहा, विनेबागो अशा जमाती डोळ्यांपुढे येतात. पण 1997 पासूनच्या सरकारी व्याख्येत मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले मूळ रहिवासीही याच वंशात येतात. मांस कारखान्यांच्या गावांत ग्वाटेमालातून आलेली माया कुटुंबे असतात आणि तीही इथे नोंद करू शकतात. म्हणून ही ओळ वाढलेली दिसली की त्यातले हिस्पॅनिक किती हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. आणि आपल्याकडचे नवखे वाचक या ओळीचे ‘अमेरिकन इंडियन’ हे इंग्रजी नाव पाहून तिथे भारतीय मोजतात; आपली ओळ ‘एशियन इंडियन’, ती आशियाई गटाच्या पोटात असते.

ही ओळ मिळायलाही वेळ लागला आहे. 1920, 1930 आणि 1940 च्या जनगणनेत भारतीयांसाठी वंशाच्या रकान्यात ‘हिंदू’ असा शब्द होता, मग माणूस शीख असो की मुसलमान. 1970 मध्ये भारतीयांना गोऱ्यांत धरले गेले. 1980 मध्ये ‘एशियन इंडियन’ ही स्वतंत्र चौकट आली. 2020 मध्ये फक्त ‘एशियन इंडियन’ लिहिणारे जवळपास 44 लाख होते, एकेकट्या आशियाई गटांत सगळ्यात जास्त. जुन्या काळातल्या भारतीयांचा आलेख काढणाऱ्याने 1970 च्या खड्ड्याला खरा खड्डा समजू नये.

गावातले भारतीय मोजायचे दोन मार्ग आहेत. एक, 2020 च्या जनगणनेची सविस्तर वंशांची फाइल, जी सप्टेंबर 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात एशियन इंडियन, सोमाली, ग्वाटेमालन असे शेकडो गट आहेत. पण छोट्या गावात ठरावीक संख्येखालच्या गटाचा आकडा छापतच नाहीत, तेव्हा आकडा दिसला नाही म्हणजे शून्य असे नव्हे. दुसरा मार्ग अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे, म्हणजे दरवर्षी सुमारे 35 लाख घरपत्त्यांवर होणारी नमुना पाहणी. 65,000 हून कमी वस्तीच्या गावाला एका वर्षाचे नेहमीचे आकडे या पाहणीतून मिळत नाहीत, पाच वर्षांचे एकत्र मिळतात. आशियाई उपगटांसाठी तक्ता बी02015, हिस्पॅनिक आणि वंश एकत्र पाहण्यासाठी बी03002, परदेशात जन्मलेल्यांच्या जन्मदेशासाठी बी05006.

या पाहणीच्या आकड्याशेजारी उणे-अधिक असा ‘मार्जिन ऑफ एरर’ छापलेला असतो. तो न वाचता आकडा उचलणे ही छोट्या गावांच्या बाबतीत होणारी सर्वांत महागडी चूक. समजा तक्त्यात भारतीय 120, उणे-अधिक 85 असे आहे. याचा अर्थ खरी संख्या 35 ते 205 च्या दरम्यान असावी, तीही 90 टक्के खात्रीने. विश्वासार्हता मोजायची तर 85 ला 1.645 ने भागा, 51.7 येतात, त्याला 120 ने भागा, 43 टक्के. हे प्रमाण 12 टक्क्यांपर्यंत असेल तर आकडा बिनधास्त वापरा, 12 ते 40 मध्ये जपून, 40 च्या वर गेले तर त्यावर कुठलाही निर्णय घेऊ नका. दोन गट एकत्र केले की मार्जिनांची साधी बेरीज करायची नसते. 120 उणे-अधिक 85 आणि 60 उणे-अधिक 50 यांची बेरीज 180, आणि नवे मार्जिन म्हणजे 85 चा वर्ग अधिक 50 चा वर्ग यांचे वर्गमूळ, सुमारे 99. 99 ला 1.645 ने भागून 180 ने भागले की 33 टक्के येते, म्हणजे एकत्र केलेला आकडा निदान जपून वापरण्याजोगा झाला. गट एकत्र करण्याचा फायदा हा.

तुमच्या बाबतीत याचा व्यावहारिक अर्थ असा की लेक्सिंग्टनमध्ये भारतीय घरे किती हे या पाहणीतून नेमके कळणार नाही. शोधाचा परीघ वाढवा. शेजारची कोझाड आणि गोथेनबर्ग ही गावे, पूर्वेकडे सुमारे 35 मैलांवरचे कर्नी, त्याच्याही पुढचे ग्रँड आयलंड, अशा काउंट्या एकत्र करून पाहा. किराणा, मंदिर, सणावाराची सोबत या गोष्टी अमेरिकेच्या या भागात गावाच्या हद्दीत मोजायच्या नसतातच. लोक तासाभराची गाडी चालवून जातात.

मराठी बोलणारे किती, हे गावपातळीवर निघत नाही. छोट्या गावांसाठी असलेल्या भाषांच्या तक्त्यात, सी16001 मध्ये, मराठी, हिंदी, गुजराती हे सगळे ‘इतर इंडो-युरोपियन’ या एका रकान्यात जातात आणि तेलुगू, तमिळ, कन्नड ‘इतर आशियाई व पॅसिफिक बेटांच्या भाषा’ या दुसऱ्या रकान्यात. म्हणजे कोल्हापूरचे घर एका रकान्यात आणि बेळगावचे कानडी घर दुसऱ्यात. राज्य किंवा महानगर पातळीवरच्या सविस्तर तक्त्यातही मराठीला स्वतंत्र ओळ नाही, ती नेपाळी आणि इतर काही भाषांबरोबर एकत्र आहे. धर्माचा प्रश्न जनगणना विचारत नाही, जातीचा तर नाहीच. कुठल्याही संकेतस्थळाने गावातल्या हिंदूंचा ‘जनगणनेचा’ आकडा दिला तर तो जनगणनेचा नाही, एवढे पक्के समजा.

सोमालींची ओळ शोधतानाही सावध राहा. वंशात ते कृष्णवर्णीयांत येतात. जन्मदेशाच्या तक्त्यात सोमालियात जन्मलेलेच दिसतात, अमेरिकेत जन्मलेली त्यांची मुले तिथून गळतात. केनियातल्या निर्वासित छावणीत जन्मलेले मूल केनियाखाली जाते. म्हणून जन्मदेश आणि पूर्वजांचे मूळ (तक्ता बी04006) असे दोन्ही पाहावे.

2020 च्या जनगणनेच्या आकड्यांबद्दल आणखी एक गोष्ट. व्यक्तीची ओळख उघड होऊ नये म्हणून सेन्सस ब्युरोने त्या वर्षी आकड्यांत मुद्दाम थोडी गणिती सरमिसळ केली. राज्याची एकूण लोकसंख्या आणि प्रत्येक ब्लॉकमधल्या (गणनेच्या सर्वांत लहान तुकड्यातल्या) घरांची संख्या तशीच ठेवली, बाकी बहुतेक सगळ्यांत थोडा फेरफार आहे. दहा हजारांच्या गावाच्या एकूण आकड्याला याने फारसा धक्का लागत नाही. पण एखाद्या गल्लीत 7 आशियाई दिसले तर ते शून्यही असू शकतात. काही ब्लॉकमध्ये घरे आहेत आणि माणसे फक्त लहान मुले, अशी अशक्य चित्रेही दिसतात. घर घेताना नकाशावर ब्लॉक रंगवून ‘इथे आपले लोक राहतात’ असे ठरवू नका. निदान पूर्ण ट्रॅक्ट, म्हणजे अनेक ब्लॉक मिळून होणारा मोठा गणना-विभाग, तरी पाहा.

हद्दीची तपासणीही याच टप्प्यावर करा. टपालाचा 68850 हा झिप कोड गावाबाहेरच्या शेतवस्तीलाही लागू होतो, शाळेच्या जिल्ह्याची हद्द आणखी वेगळी, आणि कारखान्यातले अनेक कामगार शेजारच्या गावांत राहत होते. गावाची, झिपची आणि शाळेची टक्केवारी जुळत नसेल तर बहुधा कारण हेच.

दुसऱ्या गावाशी तुलना करणार असाल तर तिथे तुरुंग किंवा कॉलेजचे वसतिगृह आहे का ते पी5 तक्त्यात पाहा. कैद्याची गणना तुरुंगाच्या पत्त्यावर होते. आयोवातल्या ॲनामोसा गावात एका वॉर्डातल्या सुमारे 1,400 लोकांपैकी 1,300 च्या आसपास कैदी होते, आणि 2005 मध्ये तिथला नगरसेवक दोन मतांवर निवडून आला. अशा गावाची कागदावरची विविधता रस्त्यावर, दुकानात, शाळेत कुठेच दिसत नाही.

किती माणसे मोजायची राहिली, हाही एक गंभीर मुद्दा. सेन्सस ब्युरोने जनगणनेनंतर केलेल्या पडताळणीत 2020 मध्ये देशभर हिस्पॅनिक 4.99 टक्के आणि कृष्णवर्णीय 3.30 टक्के कमी मोजले गेले, तर बिगर-हिस्पॅनिक गोरे 1.64 टक्के आणि आशियाई 2.62 टक्के जास्त मोजले गेले असे निघाले. ही देशाची सरासरी आहे, ती गावाला जशीच्या तशी लावता येत नाही. पण पाळीत काम करणारी, एका घरात दोन-तीन कुटुंबे राहणारी, कागदपत्रांची धास्ती असलेली वस्ती जिथे आहे तिथे छापील हिस्पॅनिक टक्का खऱ्यापेक्षा थोडा कमीच असेल, असे मी धरून चालतो. जनगणनेत व्हिसा किंवा नागरिकत्व यांमुळे कुणी वगळले जात नाही; एच-वन-बीवर आलेला अभियंता आणि शिकायला आलेली मुलगी 1 एप्रिलला जिथे नेहमी राहतात तिथे मोजली जातात.

मुले असतील तर एकूण टक्केवारीपेक्षा वयानुसारची टक्केवारी पाहा. बी01001 च्या मागे एच लावलेला तक्ता बिगर-हिस्पॅनिक गोऱ्यांचा, आय लावलेला हिस्पॅनिकांचा, डी आशियाईंचा. कारखान्याच्या गावांत म्हातारी पिढी गोरी आणि शाळकरी पिढी स्थलांतरितांची असते, त्यामुळे तुमच्या मुलांच्या वर्गातले चित्र गावाच्या एकूण चित्राहून बरेच वेगळे निघेल. शाळा जिल्ह्यांचे वंशनिहाय पट शिक्षण खाते दरवर्षी प्रसिद्ध करते. तिथे हिस्पॅनिक मूल कुठल्याही वंशाचे असले तरी हिस्पॅनिक म्हणूनच धरतात, म्हणून त्याची तुलना पी2 शी करा, पी1 शी नको.

लेक्सिंग्टनच्या बाबतीत शाळेच्या पटाला आता विशेष महत्त्व आहे. टायसनने नोव्हेंबर 2025 मध्ये हा कारखाना जानेवारी 2026 मध्ये बंद करण्याचे जाहीर केले. त्यात सुमारे 3,200 जणांच्या नोकऱ्या होत्या. दहा-अकरा हजारांच्या गावाला हा केवढा धक्का आहे हे वेगळे सांगायला नको. ज्या कारणाने गावाची रचना घडली तेच कारण निघून जात असताना 2020 चे आकडे भूतकाळाचे होतात. पाहणीचे पाच वर्षांचे सरासरी आकडे हा बदल फार हळू दाखवतील: 2022 ते 2026 च्या संचात चार वर्षे चालू कारखान्याची असतील. संपूर्णपणे बंदनंतरचा पहिला संच 2026 ते 2030 चा, आणि तो नेहमीच्या वेळापत्रकाने 2031 च्या अखेरीस येईल. ब्युरोचे दरवर्षीचे लोकसंख्या अंदाज गावाची एकूण संख्या देतात, वंश काउंटीच्या खाली देत नाहीत. शिवाय 2024 मध्ये जाहीर झालेल्या नव्या सरकारी नियमात हिस्पॅनिक आणि वंश हे दोन्ही प्रश्न एकत्र करून मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका हा गट वेगळा काढला आहे. तो लागू झाला की 2020 शी थेट तुलना पुन्हा एकदा तुटेल. तोवर दर शरद ऋतूतला शाळेचा पट, त्यातही पहिली ते तिसरीचे वर्ग, हाच सगळ्यात ताजा आधार. दोन लागोपाठच्या वर्षांचे पट काढा, आणि नोकरीचा होकार कळवण्याआधी रुग्णालय किंवा कंपनी, जिथे तुम्ही जाणार आहात, तिची भिस्त त्या कारखान्यातल्या कुटुंबांवर किती होती हे स्पष्ट विचारून घ्या.